माझ्या नावाची मूठ

आयुष्यात मी एकच बंड केलं, आणि तेही पोस्टकार्डावर. पाकिटात घालून केलं असतं तर निदान घरातल्या घरात राहिलं असतं. पण त्या वेळी मी धुळ्याला एका सरकारी कचेरीत तरुण कारकून होतो, चार पुस्तकं वाचून डोकं तापलेलं होतं आणि टेबलाच्या खणात कोऱ्या कार्डांची चळत होती. जळगावला मायला वाचता येत नाही, हे मला ठाऊक होतं. तिला ते कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवणार, आणि ते जिथं वाचलं जाईल तिथं अर्धी गल्ली घागरी घेऊन उभी असेल, हे मात्र बंड करताना सुचलं नाही.

आमची गल्ली डाळमिलच्या मागच्या अंगाला होती. पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा, मधून गटार आणि बरोबर मधोमध एक नळ. मिलमध्ये हरभरा भरडायला घेतला की आमचे उंबरठे पिवळे होत आणि उडीद घेतला की काळपट. बाप्ये मिलमध्ये यंत्रावर नाहीतर हमालीला आणि बाया डाळ निवडायला. आमचे आबा चाळणीच्या यंत्रावर होते. संध्याकाळी भोंगा झाला की भुवयांवर डाळीचा भुगा घेऊन घरी येत आणि तोंड धुवेपर्यंत कुणाशी बोलत नसत. तोंड धुतल्यावरही फारसे बोलत नसत. मोठा भाऊ जिनिंगमध्ये होता, तो कापूस घेऊन येई. अंगावर काहीही न घेता घरी येणारा मी एकटाच, म्हणून मी हुशार ठरलो आणि मला शिकवलं गेलं.

गल्लीत कुणाच्या चुलीवर काय आहे हे सगळ्यांना माहीत असे. भरीत केलं की वाटी निघाली. ती पाच घरं फिरून परत येई आणि येताना त्यात दुसरंच काही असे, कधी शेवभाजी, कधी नुसती मिरचीची चटणी, पण रिकामी कधी आली नाही. वर्षातला एक दिवस मात्र असा होता की गल्लीत एकही वाटी हलत नसे. तो दिवस कानबाईचा.

कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातली देवी. श्रावणात नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी ती घरोघर बसते आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर जाते. तिचे रोट असतात, गव्हाचे, जाड, तुपाचा हात लावलेले. या रोटांचा कायदा कडक. घरात जितके पुरुष तितक्या सव्वा सव्वा मुठी गहू मोजून घ्यायचे, पाळण्यातल्या पोराचीसुद्धा मूठ टाकायची. चक्कीवाला आदल्या दिवशी चक्की धुऊन ठेवतो आणि त्या दिवशी दुसऱ्या कशाला हात लावत नाही. ते रोट फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी खायचे. बाहेरच्याला कणभरही द्यायचा नाही. आणि उरवायचे नाहीत. आमच्या घरची रीत अशी, की त्या रविवारपासून पौर्णिमेपर्यंत शेवटचा तुकडा संपलाच पाहिजे. मूठ ज्याच्या नावाची, रोट त्याचे. तो ते खातो, म्हणजे तो घरात आहे.

मी धुळ्याला नोकरीला लागलो आणि पहिल्याच वर्षी मला कळलं की हे सगळं थोतांड आहे. कळवणारे आम्ही सहाजण होतो. कचेरी सुटल्यावर एकाच्या खोलीवर जमायचं, स्टोव्हवर चहा उकळायचा आणि समाज बदलायचा, असा आमचा नेम होता. समाज बदलून झाला की कपबश्या कोणी विसळायच्या यावरून रोज भांडण व्हायचं. बहुतेक वेळा त्या तशाच राहायच्या.

तत्त्व म्हणून मी कानबाईला घरी जाणं बंद केलं. सलग तीन वर्षं गेलो नाही. आता गंमत अशी, की मी जिथं जेवायचो त्या खाणावळवालीकडेही कानबाई होती. त्या रविवारी ती खाणावळ बंद ठेवायची आणि तिचे रोट मला चालत असले तरी मी तिला चालत नव्हतो. तेव्हा तीन वर्षं मी त्या दिवशी बसस्टँडवरची केळी खाल्ली. एका वर्षी बाराच्या बारा खाल्ली आणि सोमवारी कचेरीत नीट बसता आलं नाही. माझ्या वैचारिक जडणघडणीत केळ्यांचा हा वाटा मी आजवर कुठं सांगितला नव्हता.

चौथ्या वर्षी नुसतं न जाण्यानं भागेना. आमच्यातला एकजण म्हणाला, गप्प राहणं म्हणजे मान्यता देणं. झालं. मी कार्ड काढलं आणि मुद्देसूद लिहिलं. मुद्दा एक, देवीला गहू लागत नाहीत. मुद्दा दोन, मूठ फक्त पुरुषाच्या नावाची का, बाई माणूस नाही का. मुद्दा तीन, रोट बाहेरच्याला न देणं ही कोती वृत्ती आहे. शेजारचे नाना त्या दिवशी उपाशी असतात आणि आपण भिंतीपलीकडे तूप वाढतो, याची लाज वाटली पाहिजे. मुद्दा चार, सबब यंदापासून माझ्या नावाची मूठ टाकू नये, टाकायचीच असेल तर ती नानांच्या नावानं टाकावी. खाली सही केली, तीसुद्धा कचेरीतली, पूर्ण नावाची. आईला कार्ड लिहिताना पूर्ण नावाची सही करणारा मी पहिलाच मुलगा असेन.

नानांबद्दल सांगायला हवं. नाना आमच्या शेजारच्या खोलीत एकटे राहायचे. मिलमध्ये पोती वाहायचे. रावेरकडचे. बायको गेलेली, मूलबाळ नव्हतं. भाऊबंद होते, पण त्यांनी नानांना रोटांना बोलावणं बंद केलं होतं. का, ते नानांनी कधी सांगितलं नाही आणि गल्लीनं कधी विचारलं नाही. कानबाईच्या दिवशी ते सकाळीच खोलीला कुलूप घालत, आदल्या दिवशीची भाकर फडक्यात बांधत आणि बंद मिलच्या वखारीत जाऊन बसत. वर्षाचे बाकी सगळे दिवस गल्लीतली प्रत्येक वाटी नानांच्या दारावरून जायची. त्या एका दिवशी कुणाला इच्छा असली तरी देता येत नव्हतं. मी लहानपणापासून हे पाहत होतो आणि मला त्याचं काहीही वाटलं नव्हतं. कार्डात तिसऱ्या मुद्द्याला उदाहरण हवं होतं, म्हणून नाना आठवले. खरं ते एवढंच.

कार्ड नळावर वाचलं गेलं. वाचणारी पाचवीतली पोरगी होती, अक्कांची नात. अक्का म्हणजे गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई, देवाधर्माचं शेवटचं बोलणं त्यांचं. पोरीला माझं अक्षर चांगलं लागलं आणि तिनं शाळेत धडा वाचतात तसं विरामचिन्हांसकट सगळं वाचलं. पुढं कितीतरी दिवस गल्लीत कुणी कुणाला काही नाकारलं की म्हणायचे, "मुद्दा चार, सबब नको." हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी धुळ्यात उत्तराची वाट पाहत होतो. रागाचं, नाहीतर रडण्याचं उत्तर येईल अशी माझी अपेक्षा होती. काहीच आलं नाही.

मग माझ्या मनानं घेतलं की मायनं कार्ड मनावर घेतलेलं नाही. आईच ती. ती काय पोराची मूठ टाकायची राहणार आहे? असा विचार करून मी स्वतःवर खूश झालो. आणि त्या खुशीतच ठरवलं की यंदा जायचं. तत्त्व सोडायचं नाही, पण आईचं मन मोडायचं नाही म्हणून दोन घास खायचे. सोबत्यांना सांगितलं, लोकांमध्ये जाऊन बोललं पाहिजे. खरं कारण वेगळंच होतं. मला तीन वर्षांत रोटांची, खिरीची आणि गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीची इतकी आठवण आली होती की शनिवारी कचेरीत टिपणी लिहिताना तोंडाला पाणी सुटत होतं.

रविवारी सकाळच्या गाडीनं निघालो. पारोळा, एरंडोल करत गाडी जळगावात आली तेव्हा दुपार व्हायला आली होती. सकाळपासून मुद्दाम काही खाल्लं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशीच चक्की होती. चक्कीवाला पायरीवर बसला होता, अंगात धुतलेला सदरा. मी त्याच्याशी हवापाण्याचं बोललो. मग सहज विचारतोय असं दाखवत म्हणालो, "आमच्या घरच्या किती मुठी आल्या होत्या हो?"

"चार," तो म्हणाला. "दरसालन्या तीन, आनि एक नवा पोऱ्यानी. तुनी माय हिसाब बदलस का कधी?"

चार! मी मनातल्या मनात मोजलं. आबा एक, मोठा भाऊ दोन, त्याचं सहा महिन्यांचं पोरगं तीन आणि मी चार. माझी छाती भरून आली. कार्ड लिहिल्याबद्दल किंचित अपराधी वाटलं आणि त्याहून जास्त भूक लागली. मी मायला क्षमा केली. कशाबद्दल ते नक्की ठरवलं नव्हतं, पण केली.

घरात पाऊल टाकलं तेव्हा देवीची पूजा होऊन नैवेद्य दाखवून झाला होता. धूप आणि तूप यांचा वास कोंडला होता. मायनं माझ्याकडं पाहिलं, तोंडावर पदर धरून म्हणाली, "उना का? पाय धुय," आणि पुन्हा कामाला लागली. मी पाय धुतले, हात धुतले, सदरा काढून खुंटीला लावला. पंगत मांडली होती. चार पाट, चार पानं. आबा बसले. भाऊ बसला. त्याच्या शेजारच्या पाटावर त्यानं पोराला टेकवून धरलं, त्याच्या नावाचंही पान होतंच. चौथ्या पाटाकडं मी निघालो तर त्यावर नाना बसलेले. डोक्याला टोपी, कपाळाला कुंकू आणि कडक सदरा, इतका नवा की घड्या मोडल्या नव्हत्या.

मला वाटलं पाट मांडताना चूक झाली. मी मोठ्या मनानं भिंतीशी, नानांच्या शेजारी, फरशीवरच मांडी घातली.

माय वाढता वाढता थांबली. "तू कसा बठना?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. "तुनी मूठ नही."

"चार मुठी आहेत ना?"

"आबानी, तुना भाऊनी, पोऱ्यानी, आनि नानानी." तिनं बोटांवर मोजून दाखवलं. "तूच लिखं व्हतं ना कार्डमा, मनी मूठ नानाना नाववर टाक. मी टाकी."

मी हसायचा प्रयत्न केला. म्हटलं, अगं ते मी तत्त्व म्हणून लिहिलं होतं. माय म्हणाली, तत्त्व का काय ते तिला माहीत नाही, पण कार्ड पोरीकडून दोनदा वाचून घेतलं, काही चुकायला नको म्हणून. मग अक्कांना विचारलं, असं चालतं का. अक्का म्हणाल्या, देवीपुढं मूठ टाकली म्हणजे माणूस भाऊबंद झाला, मग तो कुठलाही असो. तेव्हा मायनं आदल्या दिवशी स्नान करून मुठी मोजल्या आणि चौथी नानांच्या नावानं टाकली. माझी टाकली नाही. देवीला खोटं कसं सांगणार?

तोवर दारात माणसं जमली होती. आमच्या गल्लीत दार बंद करून भांडण करायची सोय नव्हती, कारण दार बंद केलं की आत अंधार होई आणि भांडण दिसत नसे. कुणी म्हणालं, पोरगा घरचा आहे, बसू द्या. कुणी म्हणालं, कसं बसू द्या, सही केलीय पूर्ण नावाची. अक्कांची नात मुद्दा चार पुन्हा म्हणून दाखवायला तयारच होती. मी उघड्या अंगानं भिंतीला टेकून बसलो होतो आणि माझ्या पोटातून आवाज येत होते, तेही सगळ्यांना ऐकू गेले.

तेवढ्यात नानांनी पानावरचा हात काढला. "पोऱ्या घरना शे," ते म्हणाले. "मी उठस. माले मिलमा भाकर शे."

आता इथं मी ताबडतोब म्हणायला हवं होतं, की नाना, बसा. चार वर्षं मी माणसामाणसातल्या भिंतींवर बोलत होतो. नाना उठले असते तर गल्लीसमोर, देवीसमोर, पानावरून उठले असते, इतक्या वर्षांनी कुणीतरी आपलं म्हणून बसवलं त्याच दिवशी. हे मला दिसत होतं. आणि तरी मी गप्प राहिलो. दोन श्वास असेन, तीन असेन, पण राहिलो, कारण नाना उठले तर पान मोकळं होणार होतं आणि पानावर तूप घातलेला रोट होता. आयुष्यात मी बऱ्याच गोष्टींवर हसून घेतलं, त्या दोन-तीन श्वासांवर अजून हसता येत नाही. मला त्यांची लाज वाटते.

बोलली ती माय. "बस नाना. देवीना पानवरथून कोनी उठस का?" मग मीही म्हणालो, बसा नाना. उशिरा म्हणालो, पण म्हणालो. नाना बसले. त्यांची मान खाली होती आणि टोपीखाली कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

माझा प्रश्न मात्र सुटला नव्हता. मूठ नाही म्हणजे मी त्या दिवसापुरता बाहेरचा. आणि बाहेरच्याला कण द्यायचा नाही. शेजाऱ्यांपैकीही कुणी मला जेवू घालू शकत नव्हतं, कारण प्रत्येकाकडे रोट आणि प्रत्येकासाठी मी बाहेरचा. मला बंद मिलच्या वखारीत बसलेले नाना पहिल्यांदा नीट दिसले. शेवटी अक्कांना बोलावलं. अक्का उंबऱ्यावर टेकल्या, माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि निकाल दिला.

"बाईनी मूठ ऱ्हास का? नही ना? तरी बाई जेवस ना? मंग हाऊ बी बायासमा जेवी. पयले बठ्ठासले वाढी, मंग खाई."

म्हणजे आधी सगळ्यांना वाढायचं आणि मग बायांत बसून खायचं. गल्ली खो खो हसली. मुद्दा दोन लिहिताना मी बाईला न्याय मिळवून द्यायला निघालो होतो. न्याय मिळाला, पण मला बाईच्या जागी बसवून. वहिनीनं खिरीचं पातेलं माझ्या हातात दिलं. मी वाकून वाढायला लागलो. बाप्यांना वाढणं किती कठीण असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वाकलं की पाठ धरते, पातेलं तापलेलं असतं आणि ज्याला वाढायचं तो वर पाहतही नाही, नुसता हात आडवा धरतो. भावानं मुद्दाम चार वेळा भाजी मागितली. आबांनी दिवसभरात एकच वाक्य उच्चारलं, "खीर आन," आणि तेही माझ्याकडं न पाहता. फक्त नाना प्रत्येक वेळी "बस, बस" म्हणत होते आणि पानातलं एक शीत टाकत नव्हते. त्यांनी त्या दिवशी किती रोट खाल्ले ते मी मोजलं नाही, पण ते खूप हळू जेवले. पंगत उठली तरी जेवत होते आणि त्यांच्यासाठी आबा हात न धुता बसून राहिले.

पुरुष बाहेर पडल्यावर चुलीपाशी आम्ही तिघं बसलो, माय, वहिनी आणि मी. खिरीचं पातेलं खरवडलेलं, भाजीत फोडी कमी आणि पाणी जास्त. रोट मात्र होते. मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मी पंचवीस वर्षांचा झालो होतो आणि माय सणाच्या दिवशी काय जेवते हे मी तोवर पाहिलं नव्हतं. ती नेहमी आमच्यानंतर जेवायची आणि तोवर मी झोपलेला नाहीतर बाहेर गेलेला असायचो.

मी पहिला घास घेतला. रोट छान होता. मी म्हणालो, "माय, तुला राग आला का गं कार्डाचा?"

तिनं माझ्या पानात आणखी भाजी घातली. वहिनी बोलली. ती एरवी माझ्यासमोर फार बोलत नसे, पण त्या दिवशी मी बायांमध्ये होतो. "राग कसाना, भाऊ? सुटनात त्या. तुमनी मूठ तीन वर्स त्यासनीच खाधी."

मला कळेना. तेव्हा वहिनीनं सांगितलं. मी आलो नाही त्या तिन्ही वर्षी मायनं माझी मूठ टाकली होती. पोरगा येईल, रविवारी नाही तर सोमवारी येईल, म्हणून रोट झाकून ठेवले होते. मी आलो नाही. माझ्या वाटचे रोट मागं राहिले. बाहेरच्याला देता येत नाहीत, टाकता येत नाहीत, पौर्णिमेच्या पुढं ठेवता येत नाहीत. आबा आणि भाऊ आपापले खाऊन थकलेले, वहिनीला शिळं सोसत नसे, मागल्या वर्षी तर तिच्या पोटात बाळ. मग माय रोज मिलमधून आली की एक रोट पाण्यात भिजवायची आणि बसून खायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रोट दगड होतो. मागल्या वर्षी त्यावरच तिचा दात पडला. पुढचा, वरचा. मी आलो तेव्हापासून ती तोंडावर पदर धरून बोलत होती आणि मला वाटत होतं ती माझ्यावर रागावली आहे.

"कुत्राले टाकू का मंग?" माय म्हणाली. "तुना नावना व्हतात."

मी तोंडातला घास गिळला. धुळ्यात ज्या दिवशी मी बसस्टँडवर तत्त्वाची केळी सोलत होतो, त्याच दिवसापासून जळगावात पौर्णिमेपर्यंत एक बाई माझ्या तत्त्वाचे शिळे रोट भिजवून खात होती. आणि कार्ड आलं तेव्हा तिला बरं वाटलं होतं. मी रडलो. वहिनीसमोर रडलो, बायांमध्ये होतो म्हणून चालून गेलं. माय म्हणाली, "रडू नको, जेव. थंड व्हयनं का कडक व्हस."

त्या वर्षी मी धुळ्याला तार केली, पोट बिघडल्यामुळे येऊ शकत नाही, आणि पौर्णिमेपर्यंत राहिलो. पोट बिघडायला अजून अवकाश होता, पण तार खोटी ठरू नये याची मी पुढच्या सहा दिवसांत पुरेपूर काळजी घेतली. रोज संध्याकाळी भोंगा झाला की नाना आणि मी ओट्यावर बसायचो, त्यांचा रोट ते खायचे आणि माझ्या पानात मायच्या वाटचा यायचा. नाना दाढेनं तुकडा तोडत म्हणायचे, खूप वर्षांनी खातोय. मी नुसती मान हलवायचो, तोंड भरलेलं असायचं.

पुढच्या श्रावणात मी शुक्रवारीच आलो. मायनं पाच मुठी मोजल्या. एकदा टाकलेला भाऊबंद काढता येत नाही, त्यामुळे नाना होतेच, आणि मी अर्ज मागं घेतल्यामुळे मीही होतो. चक्कीवर गहू घेऊन मी निघालो आणि जाता जाता कणगीतून आणखी सव्वा मूठ काढून टोपलीत टाकली. मुद्दा दोन मला अजून मान्य होता, तेव्हा कुणाच्या नावाची ते मनात म्हटलं. चक्कीवाल्यानं टोपली पाहिली, माझ्याकडं पाहिलं आणि दळून दिलं. पण माय चाळीस वर्षं मुठी मोजत आली होती. पीठ मळायला घेतलं आणि तिला कळलं.

"एक मूठ जास्ती कोनी टाकी?" ती ओरडली. "आते खाई कोन?"

मी म्हणालो, "मी खासू."

तिनं परातीत आणखी पाणी ओतलं. मग पदर तोंडावर न घेता हसली. दाताचं खिंडार मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

तेव्हापासून कानबाई मी चुकवलेली नाही. माझी श्रद्धा वगैरे काही वाढलेली नाही, त्या सहाजणांपैकी कुणी भेटलं तर मुद्दा एक ते तीन आजही मला मान्य आहेत असं मी सांगतो. नाना गेले. आबा गेले. गेली काही वर्षं मायही नाही. मुठी आता वहिनी मोजते आणि तिची पाठ वळली की मी एक जास्तीची टाकतो. तिला ते माहीत आहे. त्या मुठीचे रोट मी पौर्णिमेपर्यंत एकटा बसून खातो, पाण्यात भिजवून, कारण आता तसेच चावत नाहीत. गेल्या वर्षी माझीही एक दाढ हलली.